रोग नसलेली झाडं

करुणा पाईकरावला बियाणे कंपनीत नोकरी लागली ती दोन हजार दोन सालच्या पावसाळ्यात, अर्धा हंगाम उलटून गेल्यावर. तिच्या आधीचा सुपरवायझर पोळ्याच्या सुमारास दुसरी नोकरी धरून जालन्याला निघून गेला होता. त्याच्याकडचे सेनगाव तालुक्यातले ज्वारीचे प्लॉट करुणाच्या वाट्याला आले. परभणीला कृषीची पदवी घेऊन ती वर्षभर कळमनुरीला घरी बसली होती. आई पद्माबाई लोकांच्या रानात रोजानं जायची, आणि पोरीनं आता कुठलीही नोकरी धरावी, असं तिचं म्हणणं होतं. करुणानं हिंगोलीत एका मैत्रिणीसोबत खोली घेतली आणि दुसऱ्याच दिवशी गोरेगावच्या जीपमध्ये बसली.

प्लॉट म्हणजे साधं रानच. फरक एवढाच की त्यातली ज्वारी खायची नसते, बियाण्याची असते. कंपनी शेतकऱ्याला दोन जातींचं मूळ बी देते. एका जातीच्या ओळींना नर म्हणतात, दुसरीच्या ओळींना मादी. नराच्या कणसातली भुकटी वाऱ्यानं मादीच्या कणसावर पडते, आणि मादीला जे दाणे भरतात ते पुढच्या साली संकरित बियाणं म्हणून पिशव्यांतून विकले जातात. त्यामुळं मादीच्या ओळीत परकं झाड चालत नाही. त्याची भुकटी उडाली की सगळ्या बियाण्यात भेसळ होते. असं झाड फुलायच्या आधी उपटून टाकायचं असतं. या कामाला इंग्रजीत एक शब्द आहे आणि कंपनीतली सगळी माणसं तोच वापरायची. रोगिंग.

गोरेगावच्या पुढं एका तांड्यावर भीमसिंग आड्यांचं रान होतं. भीमसिंगची साठी उलटलेली. बैलं आणि तांड्यातले तंटेबखेडे तो बघायचा, रान बघायची त्याची बायको मोतीबाई. प्लॉट कागदावर भीमसिंगच्या नावानं असला तरी पेरणीपासून सगळं मोतीबाईनंच केलं होतं. करुणा बांधावर पोचली तेव्हा ज्वारी पोटरीत आली होती, म्हणजे कणीस अजून पानांच्या गुंडाळीत होतं आणि लवकरच बाहेर पडणार होतं.

मोतीबाईनं आधी विचारलं, साहेब कुठाय. साहेब गेला, आता मीच येणार, असं करुणानं सांगितलं तेव्हा तिनं या नव्या पोरीला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि मग पाण्याचा तांब्या पुढं केला. ती खुशीत होती. रोगिंग झालंय, म्हणाली. त्या साहेबानं मोटारसायकलवरून खाली न उतरताच सांगितलं होतं, रोगिंग करा, चांगलं रोगिंग करा. तर तिनं तांड्यातल्या बाया लावून सगळं रान धुंडाळून काढलं होतं.

"एकबी रोगट ठेवलं न्हाई," ती म्हणाली. "या, बघा."

बांधाच्या कडेला उपटलेल्या झाडांचा ढीग होता. करुणानं वाकून पाहिलं. केवड्यानं पांढरी पडलेली झाडं, खोडमाशीनं पोंगा मेलेली झाडं, तांबेऱ्यानं पानं लाल झालेली झाडं. सगळी आजारी. रोगिंग म्हणजे रोग काढणं, असा या बायकांनी सरळ अर्थ घेतला होता, आणि दुसरा कुठला घेतील असं समजायला काही जागाही नव्हती.

मग ती ओळीत शिरली. मादीची झाडं बुटकी, छातीला लागतील एवढी. त्यांच्यामध्ये मधूनमधून डोक्याच्या वर गेलेली झाडं उभी होती. जाड बुडखा, रुंद पानं, हिरवी काळीशार. ही मूळ बियात कुठून तरी आलेली परकी झाडं. खरं रोगिंग यांचं करायचं होतं आणि यातलं एकही निघालेलं नव्हतं. उलट काहींच्या बुडाशी लाल चिंधी बांधलेली होती.

चिंध्या मोतीबाईनं बांधल्या होत्या. सासूच्या वेळेपासून घरची ज्वारी राखायची रीत हीच, रानातलं सगळ्यात जोमदार झाड आधीच हेरून ठेवायचं आणि त्याचं कणीस बियाण्यासाठी वेगळं काढायचं. कंपनीचं बियाणं नेऊन झाल्यावर ही कणसं आपल्याला राहू द्यावीत, असं ती करुणाला सांगू लागली.

करुणा तिथंच सऱ्यांच्या मध्ये उभी राहिली. प्लॉट पास की बाद हे ठरवणारे तपासणीचे साहेब त्याच आठवड्यात येणार होते.

"मावशी," ती म्हणाली, "रोगिंग म्हणजे रोगट झाड काढणं न्हाई. हे जे उंच हाईत ना, चिंधीवाले, हे काढायचे असतेत."

मोतीबाईला आधी वाटलं पोरगी मस्करी करते आहे. मग तिला राग आला.

"रोगट राहू द्यायचं अन् निरोगी उपटायचं? कोन्या कॉलेजात शिकवतेत हे?"

करुणानं समजावून सांगितलं. भुकटी, भेसळ, पिशवी, पुढच्या साली पेरणारा शेतकरी. मोतीबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. पोटरीत आलेलं झाड उपटणं म्हणजे गाभण गाय विकण्यासारखं आहे, तिच्या हातून ते व्हायचं नाही. आणि त्या साहेबानं रोग म्हटलं होतं, उंच म्हटलं नव्हतं. साहेबानं एक सांगायचं, म्याडमनं दुसरं सांगायचं, आणि तकलीफ आम्ही भोगायची काय?

तेवढ्यात मोतीबाईचा पोरगा ओमप्रकाश सायकलवरून आला. तो जवळच्या एका आश्रमशाळेत इंग्रजी शिकवायचा आणि त्या भागात इंग्रजीचं काहीही असलं की लोक त्याच्याकडंच यायचे. त्याला पाहून करुणाला बरं वाटलं. हा समजून घेईल आणि आईला समजावेल, असं तिच्या मनात आलं. तिनं त्याला सांगितलं की हा आपला रोग नव्हे, हा इंग्रजी शब्द आहे. आर, ओ, जी, यू, ई. क्रियापद आहे. ओमप्रकाशनं शब्द कधी ऐकला नव्हता. त्यानं स्पेलिंग परत एकदा म्हणून घेतलं आणि घरी डिक्शनरीत बघतो म्हणाला. मोतीबाईनं सांगितलं, पोरगं बघून सांगंल तसं करू. करुणा हिंगोलीला परतली ती काम झाल्यातच जमा आहे असं समजून.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा बांधावर भीमसिंग बसला होता. तो प्लॉटवर कधी यायचा नाही. शेजारी ओमप्रकाश उभा होता, शाळा बुडवून. मोतीबाई लांब पिकात होती आणि जवळ आली नाही.

ओमप्रकाशनं डिक्शनरीत जे सापडलं ते सांगितलं. लबाड. बदमाश. लुच्चा. दुसरा अर्थ दिलेला नव्हता.

"तुमी आमच्या रानात बदमाश हुडकून राहिल्या का म्याडम?" त्यानं विचारलं. आवाज चढवला नव्हता, पण वर्गात पोराला उभं करून विचारावं तसं विचारलं.

 चार वर्षं करुणा हा शब्द वापरत आली होती. परीक्षेत त्याची व्याख्या लिहिली होती, भेसळीची झाडं शेतातून काढून टाकणे, आणि पूर्ण मार्क घेतले होते. डिक्शनरीत हा शब्द बघावा असं तिला कधी वाटलं नव्हतं. हे शेतीतलं क्रियापद आहे, अर्थ वेगळा आहे, असं ती म्हणाली, पण तो अर्थ या अर्थातून कसा निघाला ते तिला सांगता आलं नाही आणि हे ओमप्रकाशच्या लक्षात आलं.

 भीमसिंगनं उठून धोतर झटकलं आणि तो म्हणाला, "पोरी, तू लेकरासारखी हाईस म्हणून सांगतो. आता येऊ नको. आमचं रान आमी बघू."

तांड्यापासून गोरेगावपर्यंत ती पायी आली. तिला भीमसिंगचा राग आला नव्हता, पण तो एवढा का दुखावला तेही कळलं नव्हतं. शब्दाचा अर्थ वाईट आहे, ठीक, पण झाडाला म्हटलेला आहे. हिंगोलीत उतरल्यावर ती खोलीवर न जाता बसस्टँडजवळच्या एसटीडी बूथवर गेली आणि परभणीला आपल्या जुन्या सरांना फोन लावला. सरांना आधी हसू आलं. मग त्यांनी थांबायला सांगितलं, आतून जाडजूड पुस्तक आणलं आणि वाचून दाखवलं.

हे क्रियापद फार कमी लोकांना माहीत आहे, ते म्हणाले, बियाण्याच्या धंद्याबाहेर कोणी वापरत नाही. इंग्लंडातल्या माळ्यांनी ते चालू केलं. वाफ्यात आपल्या जातीसारखं न निघालेलं रोप असलं की त्याला ते रोग म्हणायचे, आणि ते उपटण्याच्या कामालाही तेच नाव पडलं. एकच शब्द, झाडालाही आणि झाड काढण्यालाही.

पण रोपाला रोग का म्हणायचे, तिनं विचारलं.

सर पुढं वाचू लागले. मूळ शब्द माणसांसाठी होता. चारपाचशे वर्षांपूर्वी तिकडं घरदार नसलेल्या, गावोगाव भटकणाऱ्या माणसांना रोग म्हणायचे. भटकतो म्हणजे चोर असणार, असा समज. म्हणून पुढं त्याचा अर्थ लबाड झाला. सर म्हणाले, मोठा गमतीशीर प्रवास आहे शब्दाचा. करुणा हो म्हणाली आणि फोन ठेवला.

भीमसिंगचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारे होते, हे तांड्यावर आलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आता तिच्यापुढं दोन वाटा होत्या. डिक्शनरी जुनी आहे, शेतीतला अर्थ तिच्यात नाही, एवढं सांगून थांबायचं, किंवा सगळं सांगायचं. ओमप्रकाश आज ना उद्या मोठी डिक्शनरी बघणारच होता. पण सगळं सांगायचं तिनं ठरवलं ते तेवढ्यासाठीच नव्हे. गावानं तिच्या घरच्यांना काय काय नावांनी हाका मारल्या याचा इतिहास कमी नव्हता, आणि अशी गोष्ट झाकून ठेवणाऱ्या माणसांबद्दल आई काय बोलायची ते ती लहानपणापासून ऐकत आली होती.

सकाळच्या पहिल्या जीपनं ती परत गेली. येऊ नको म्हटलेलं असताना पोरगी आलेली पाहून मोतीबाईनं भीमसिंगला हाक मारली. ओमप्रकाश शाळेत जायला निघाला होता, तो सायकल धरून थांबला. करुणानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, सरांनी सांगितलं तसं. माळ्यांचं सांगितलं आणि भटक्या माणसांचंही सांगितलं.

 मग भीमसिंग कोरडं हसला.

"म्हंजे बराबर हाय," तो म्हणाला. "आमीच की मंग."

तो बांधावर बसला आणि बोलू लागला, करुणाकडं न बघता. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. त्याच्या बापाला रोज सांजेला गावात पोलीस पाटलाकडं हजेरी द्यावी लागायची. चोरी कुठंही होवो, पहिली झडती तांड्याची. बापानं काही केलेलं नव्हतं. पण तांड्यात जन्माला आला एवढ्यावरून त्याचं नाव तिथं लिहिलेलं होतं. एकदा तापानं फणफणलेला असताना गेला नाही, तर दुसऱ्या दिवशी चावडीपुढं उन्हात उभा केला. भीमसिंग तेव्हा आईच्या लुगड्याला धरून चालण्याएवढा होता आणि त्यानं ते पाहिलं होतं. ओमप्रकाश खाली मान घालून ऐकत होता. हे त्यानंही पूर्वी एवढं सविस्तर ऐकलेलं दिसत नव्हतं.

"अन् आता तू सांगून राहिलीस," भीमसिंग म्हणाला, "का त्या झाडाचं काही चुकलं न्हाई, त्याला रोग न्हाई, किडा न्हाई. बाकीच्यांसारखं न्हाई म्हणून उपटा."

करुणा त्याच्यासमोर मातीत बसली. काय बोलायचं ते तिनं जीपमध्ये ठरवून आणलं होतं, पण ते सगळं बाजूलाच राहिलं.

"काका, मी लहानपणी सुट्टीत आईसंगं रानातलं गवत निंदायला जायची," ती म्हणाली. "शाळेत गेल्यावर कळलं, निंदणं म्हणजे नावं ठेवणं, वाईट बोलणं. मी घरी येऊन आईला म्हटलं, आपण दिवसभर गवताला शिव्या देतो का? आई म्हणे, शिव्या द्यायला टाइम कुठं हाय, हात चालव."

मोतीबाई फिसकन हसली. भीमसिंग हसला नाही, पण त्यानं मान वर केली.

"शब्द वाईट हाय, व्हय. मी तो आजपासून तुमच्या रानात बोलणार न्हाई. पण झाड वाईट हाय असं मी म्हणून न्हाई राहिले. ते दुसऱ्या रानात असतं तर त्याचंच बी ठेवा म्हटलं असतं. इथं फक्त एवढंच हाय, पिशवीवर ज्या जातीचं नाव छापलं जाईल ती जात हे न्हाई. तुमी दुकानातून बी आणलं अन् रानात भलतंच उगवलं तर तुमी दुकानदाराला काय म्हणाल?"

"बदमाश," मोतीबाई म्हणाली.

या वेळी ओमप्रकाशलाही हसू आलं. भीमसिंगनं ज्वारीकडं बघितलं. वारा होता, आणि बुटक्या झाडांच्या वर ती उंच झाडं हलत होती. काहींच्या पोटऱ्या फुटून कणसाची टोकं दिसू लागली होती.

"माणसात अन् झाडात फरक हाय, असंच ना?" त्यानं शेवटी विचारलं.

"व्हय," करुणा म्हणाली. "तो कुणी विसरलं म्हणून तुमच्या बापाला उन्हात उभं केलं."

भीमसिंगनं मान हलवली. होकार होता की नुसतं ऐकलं हे तिला कळलं नाही. तो मोतीबाईकडं वळून त्यांच्या बोलीत काहीतरी बोलला आणि बैलांकडं निघून गेला. मोतीबाईनं सांगितलं, बायांना बोलाव म्हणतेत.

तांड्यातल्या बाया जमल्या. भिकाबाई म्हणून एक म्हातारी होती, ती सगळ्यात आधी ओळीत शिरली. कुठलं काढायचं ते करुणानं दाखवलं. उंच तर सगळ्यांनाच दिसतं, पण पानाची शीर पांढरी आहे की हिरवट, बुडखा लालसर आहे का, हे वाकून बघावं लागतं. पहिलं झाड तिनं स्वतः उपटलं. मोतीबाई एका चिंधीवाल्या झाडापाशी थांबली होती. तिनं वाकून चिंधीची गाठ सोडली, चिंधी ओटीत टाकली आणि दोन्ही हातांनी झाड मुळासकट ओढून काढलं. मग पुढच्या चिंधीकडं गेली.  

भीमसिंग परत आला आणि उपटलेली झाडं उचलू लागला. कवळ्यात धरून तो ती रानाबाहेर नेत होता, बैलांपुढं टाकत होता, परत येत होता. उपटलं मात्र त्यानं एकही नाही. 

तपासणीचे साहेब आले ते ठरल्या दिवशी. साधा, थकलेला माणूस होता, चपला हातात घेऊन चिखलातून चालला. सगळ्या रानातून तो आडवा-उभा फिरला. नाल्याच्या बाजूला तो थांबला. तिथली जमीन ओलीची, पीक लवकर पुढं गेलेलं. बायांनी तिथली उंच झाडंही काढली होती, पण काढायच्या आधीच काहींची कणसं फुलून गेली होती. नर अजून फुललेला नसताना शेजारच्या मादीच्या कणसांवर पिवळी भुकटी बसलेली त्यानं बोटानं पुसून दाखवली. तेवढा पट्टा त्यानं बाद केला. बाकीचा प्लॉट पास.

 साहेब गेल्यावर मोतीबाई करुणावर चिडली. आधीच कोणी नीट सांगितलं असतं तर हा पट्टा गेला नसता, आधीचा साहेब मोटारसायकलवरून उतरला असता तर गेला नसता, कंपनीला आमच्या भाषेत बोलायला काय होतं. करुणानं ऐकून घेतलं. त्यातलं एकही वाक्य खोडून काढण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी तिनं कंपनीच्या ऑफिसला हे सगळं सांगितलं, तेव्हा तिथल्या साहेबांनी उत्तर दिलं की शब्द ठरलेला आहे, रिपोर्टात तोच लिहायचा. रिपोर्टात तिनं तोच लिहिला. बांधावर मात्र ती 'येगळं काढणं' म्हणू लागली, कारण त्या दिवशी भिकाबाईनं बायांना हाका मारताना तेच म्हटलं होतं.

बाद झालेल्या पट्ट्याची ज्वारी मोतीबाईनं घरी नेली. भाकरी बरी झाली, असं तिनं नंतर सांगितलं.

ओमप्रकाशनं पुढं परभणीहून मोठी डिक्शनरी मागवली. तो करुणाशी थोडा अंतर ठेवूनच बोलायचा, पण एकदा जीपमध्ये शेजारी बसल्यावर त्यानं आपणहून सांगितलं की आज्याच्या हजेरीची गोष्ट त्यानं वर्गात पोरांना सांगितली. पोरांपैकी कितीतरी तांड्यांवरची होती. घरी जाऊन आपापल्या आज्यांना विचारून या, असं त्यानं त्यांना सांगितलं होतं. पोरांनी आणलेल्या गोष्टी ऐकून त्या दिवशी इंग्रजीचा तास तसाच राहिला, म्हणाला.

दुसऱ्या वर्षी कंपनीचे प्लॉट वाढले. कळमनुरीकडं, शिरड शहापूरकडं नवे शेतकरी आले, आणि या कामाला डोळा बसलेली माणसं कुठंच नव्हती. करुणानं ऑफिसात मोतीबाईच्या टोळीचं नाव सुचवलं. मोतीबाईनं आधी भाव खाल्ला, मग बायांना घेऊन जीपमध्ये बसू लागली. लोकांच्या रानातून ती नाक वर करून चालायची. मालकानं विचारलं, चांगली झाडं काहून उपटता, की ती थांबून त्याला पहिल्यापासून सांगायची, आणि तो कंटाळेपर्यंत सोडायची नाही.

कळमनुरीजवळच्या एका प्लॉटवर एकदा बाया कमी पडल्या. तिथल्या मालकानं गावातून रोजानं काही बाया आणल्या, त्यांत पद्माबाई होती. तिनं मोतीबाईला आपण कोण ते सांगितलं नाही. करुणा उशिरा पोचली आणि बांधावरच थबकली. आई आणि मोतीबाई शेजारशेजारच्या ओळीत होत्या. पद्माबाईनं आयुष्यभराच्या सवयीनं एक पिवळं पडलेलं, मलूल झाड धरलं होतं.

"ते न्हाई वं बाई," मोतीबाई म्हणाली. "त्याला राहू दे. दुखणाईत हाय पण आपलंच हाय. त्याच्या पल्याडचं बघ."

पद्माबाईनं हातातलं झाड सोडलं, पल्याडचं नीट निरखून पाहिलं आणि मोतीबाईकडं बघितलं. मोतीबाईनं मान डोलावल्यावरच तिनं ते उपटलं. करुणानं पिशवी बांधावर ठेवली, ओढणी कमरेला खोचली आणि त्यांच्या पुढची मोकळी ओळ धरली.